चढाई कोणाची?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या लष्करातील मराठी घरांतून एक नवे वाक्य ऐकू येऊ लागले आहे : "यंदा आम्ही अन्नपूर्णा केले." पूर्वी याच घरांतून काशी होत असे, गया होत असे, फार झाले तर बद्रीकेदार घडत असे. आता गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौलीची सीमा, तेथून पोखरा आणि मग आठ-दहा दिवसांची डोंगरातील पायी वाट, असा सारा कार्यक्रम एखादी प्रवासी कंपनी आखून देते. साठी उलटलेली माणसेही जाऊन येतात, छायाचित्रे दाखवतात आणि हे वाक्य उच्चारतात. जुन्या वाक्यात यात्रा 'होत' असे किंवा 'घडत' असे. नव्या वाक्यात ती 'केली' जाते. क्रियापदातला हा बदल वरवर पाहता क्षुल्लक आहे. परंतु त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचा विचार करण्यासाठीच हा लेखनप्रपंच. ज्या चढाईत वाट दुसऱ्याने दाखवली, ओझे दुसऱ्याने वाहिले, मुक्कामाची जागा दुसऱ्याने आधी धावत जाऊन राखली, त्या चढाईचा कर्ता कोण?

नेपाळ आपल्याला खऱ्या अर्थाने परदेश वाटत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. पारपत्रावर शिक्का लागत नाही, पाट्या देवनागरीत असतात. ग्वाल्हेरकरांना तर तो देश सोयऱ्यांचाच. राजमाता विजयाराजे यांचे आजोळ नेपाळच्या राणा घराण्यातले. त्यांच्या स्नुषा माधवीराजे, ज्यांचे २०२४ साली निधन झाले, याही त्याच देशाच्या लेक होत्या. सत्तावनच्या धामधुमीनंतर नानासाहेब पेशवे आश्रयासाठी नेपाळच्याच हद्दीत शिरले होते. पण ही सोयरीक मैदानातली आणि राजवाड्यातली. पोखऱ्याच्या पुढे डोंगर सुरू झाला की आपण पुरते परके होतो. घांद्रुक हे गुरुंग लोकांचे गावच मुळी आपल्या कळसूबाईच्या शिखराहून उंच वसले आहे. त्यापुढे छोम्रोंगच्या दगडी पायऱ्या, मोदी नदीची अरुंद घळ, बांबूची दाट बने, देउराली, माछापुच्छ्रेच्या पायथ्याचा तळ, आणि शेवटी ४१३० मीटर उंचीवरचा अन्नपूर्णेचा तळ, ज्याला सारेजण 'बेस कॅम्प' म्हणतात. म्हणजे आपण 'अन्नपूर्णा केले' म्हणतो तेव्हा केलेले असते ते अन्नपूर्णेच्या पायाशी जाणे. ८०९१ मीटरचे शिखर तेथून आणखी जवळजवळ चार किलोमीटर उंच आकाशात असते. पण तो मुद्दा येथे गौण आहे.

या वाटेवर अकरा प्रवाशांच्या गटाबरोबर दोन वाटाडे आणि पाच-सहा भरिया असतात. 'भरिया' हा ओझेवाल्यासाठी नेपाळीत रूढ असलेला शब्द, आणि मला तो 'पोर्टर'पेक्षा बरा वाटतो, कारण त्यात भार स्पष्ट ऐकू येतो. गावकरी भरियाच्या पाठीवर 'डोको' नावाची निमुळती बांबूची करंडी असते आणि तिचा भार कपाळावरून घेतलेल्या 'नाम्लो' नावाच्या पट्ट्यावर तोललेला असतो. प्रवाशांच्या भरियाला डोकोऐवजी दोन-दोन, तीन-तीन फुगीर पिशव्या दोरीने एकत्र बांधून दिलेल्या असतात. पट्टा मात्र कपाळावरच. त्यामुळे चढताना त्याची नजर जमिनीवर असते. ज्या हिमशिखरांसाठी आपण पैसे मोजलेले असतात, ती त्याला पाहायची तर थांबून ओझे टेकवावे लागते. 'ट्रेक' हा शब्ददेखील मूळचा दक्षिण आफ्रिकेतील डच वसाहतवाल्यांचा आहे, आणि त्याचा मूळ अर्थ ओढणे असा आहे. बैल जुंपलेल्या गाड्या ओढत नेणे म्हणजे ट्रेक. शब्दाने प्रवास करता करता ओझे टाकून दिले आणि नुसती भटकंती राखली, असे म्हणावे लागेल.

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठी व्याकरणात क्रियापदांचे दोन प्रकार शेजारी शेजारी बसतात : प्रयोजक आणि शक्य. 'तो मला डोंगर चढवतो' हे प्रयोजक क्रियापद. कर्ता दुसरा कोणी असून तो माझ्याकडून क्रिया करवून घेतो. 'मला डोंगर चढवतो' हे शक्य क्रियापद. डोंगर चढण्याचे सामर्थ्य माझ्या अंगी आहे, असा त्याचा अर्थ. दोन्ही वाक्यांत क्रियापदाचे रूप तेच. पहिल्यातला 'तो' गाळला की दुसरे वाक्य तयार होते. साठीतल्या माणसाला अन्नपूर्णेच्या वाटेवर पहिल्या वाक्याचा अनुभव येतो आणि घरी परतल्यावर तो दुसरे वाक्य बोलतो. त्यात खोटेपणा असतो असे मी म्हणत नाही. पाय त्याचेच असतात, धाप त्यालाच लागलेली असते. फक्त 'तो' गळालेला असतो.

हा प्रश्न आपल्या पूर्वजांना पडला नव्हता असे नाही. तीर्थयात्रेच्या पुण्याचा हिशेब धर्मशास्त्रकारांनी मोठ्या काटेकोरपणे मांडला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासातील तीर्थयात्रेचे प्रकरण ज्यांनी वाचले असेल त्यांना हे ठाऊक असेल. यात्रेला वाहनातून गेल्यास निम्मे पुण्य नष्ट होते. छत्री आणि पादत्राणे त्याच्या निम्मे नेतात. वाटेत व्यापार केला तर तीन भाग जातात, आणि दान घेतले तर सर्वच्या सर्व. शिवाय, जो दुसऱ्यासाठी यात्रेला जातो त्याला पुण्याचा सोळावा अंश मिळतो, आणि जो अन्य कामाच्या निमित्ताने गेला असता त्याला सहज तीर्थ घडते त्याला निम्मे. रुपयाच्या भाषेत बोलायचे तर डोलीत बसून केदारनाथ गाठणाऱ्या श्रीमंताच्या पदरी आठ आणे, वाटेत कापड विकणाऱ्याच्या पदरी चार आणे, आणि दुसऱ्याच्या यात्रेसाठी राबणाऱ्याच्या पदरी एक आणा.

ज्याची नोकरी सरकारी कोषालयात गेली त्याला हा हिशेब वाचताना एक शंका आल्याशिवाय राहत नाही. डोलीतल्या यात्रेकरूचे जे आठ आणे वजा झाले ते गेले कोठे? खतावणीत एकाच्या नावे पडलेली रक्कम कोठेतरी जमा दिसली पाहिजे. डोलीच्या दांड्याखाली ज्याचा खांदा सोलला त्याच्या खाती ती जमा झालेली दिसत नाही. शास्त्रकारांनी सुखासीनाचे पुण्य कापले, हे त्यांच्या नैतिक जाणिवेचे लक्षण खरे. पण कापलेले पुण्य त्यांनी वाहणाऱ्याला दिले नाही, ते हवेत सोडून दिले. नवा काळ याबाबतीत जुन्याहूनही मागे सरकला आहे. शास्त्र निदान वजाबाकी तरी करीत असे. आजचा प्रवासी सोळाही आणे आपल्याच खाती जमा करतो.

लोकभाषा मात्र शास्त्रापेक्षा थोडी उदार होती. मुलाने आईला काशी 'घडवली', सुनेने सासूबाईंना पंढरी 'घडवली', असे आपण म्हणत आलो. वरसईचे विष्णुभट गोडसे सत्तावन साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले ते आपल्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाच्या वार्तेवरून. बंडाच्या वणव्यातून जीव वाचवून ते गंगाजलाची कावड घेऊन घरी परतले आणि त्यांनी वृद्ध मातापित्यांना स्नान घडवले. त्यांची ती हकीकत १९०७ साली प्रसिद्ध केली चिंतामण विनायक वैद्य यांनी, जे ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीश होते. येथे घडवणारा आणि वाहणारा एकच आहे, म्हणून श्रेय कोणाचे याविषयी संदेह उरत नाही. परंतु जेथे मुलगा पैसे देतो आणि खांदा तिसऱ्याचाच असतो तेथे लोकभाषाही 'मुलाने घडवली' असेच म्हणते. खांदा तिच्याही तावडीतून निसटतो.

ज्या अन्नपूर्णेच्या पायाशी आपण जातो तिच्या माथ्यावर ३ जून १९५० रोजी मोरिस हेर्झोग आणि लुई लाशेनाल हे दोन फ्रेंच गिर्यारोहक पोहोचले. आठ हजार मीटरपेक्षा उंच शिखरावर मानवाचे पाऊल पडण्याची ती पहिलीच वेळ. त्या मोहिमेचे सरदार आंग थार्के यांना हेर्झोगने आपल्याबरोबर माथ्यापर्यंत येण्याचे सुचवले होते, पण त्यांनी पाय गारठू लागल्याचे सांगून नकार दिला. परतताना हिमदंशाने दोघा वीरांचे हातपाय काळे पडले. डॉक्टर मुक्कामा-मुक्कामाला त्यांची बोटे कापीत होते, पावसाळा सुरू झाला होता, आणि त्या पावसातून शेर्पा व भरिया त्यांना पाठीवर घेऊन खाली आणीत होते. हेर्झोगने पुढे आपल्या मोहिमेवर जे गाजलेले पुस्तक लिहिले तेही इस्पितळात तोंडी सांगून, कारण लेखणी धरायला बोटे उरली नव्हती. शिखरावर तो एका दिवशी काही वेळ उभा होता. लोकांच्या पाठीवर मात्र कित्येक दिवस होता. 'अन्नपूर्णा कोणी जिंकले' या प्रश्नाचे उत्तर ज्ञानकोशात दोन नावांचे आहे. हेर्झोग जिवंत खाली कसा आला, याचे उत्तर किती नावांचे असेल, याचा कोणी हिशेब ठेवलेला नाही.

तीन वर्षांनी, २९ मे १९५३ रोजी, एव्हरेस्टवर हिलरी आणि तेनसिंग पोहोचले. त्या मोहिमेचे सामान वाहायला साडेतीनशेच्या आसपास भरिया लागले होते. 'पहिले पाऊल कोणाचे' हा वाद काठमांडूत आणि आपल्याकडे इतका पेटला की दोघांना 'जवळजवळ एकाच वेळी पोहोचलो' असे संयुक्त निवेदन करावे लागले. पुढे १९५५ च्या आत्मकथनात तेनसिंग यांनी हिलरी काही पावले पुढे होता असे सरळ सांगून टाकले. माथ्यावरचे जे छायाचित्र जगभर गाजले ते तेनसिंग यांचे आहे, हिलरीचे तेथले छायाचित्र नाही. ब्रिटिश राजसत्तेने मात्र हिलरीला आणि मोहिमेचे नेते हंट यांना 'सर' केले आणि तेनसिंग यांना जॉर्ज पदक दिले. एकाच दोरीला बांधलेल्या दोघांचे मोल दोन तराजूंत झाले. तेनसिंग यांची दखल निदान घेतली तरी गेली. साडेतीनशेंची घेतली गेली नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची करणे, वेगवेगळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी नीट नाही, असेही तेथेच म्हटले आहे. प्रवचनकार हा विचार बहुधा ईश्वराकडे नेतात : कर्ता करविता तो, आपण निमित्तमात्र. मला वाटते, येथे एक सोयीस्कर पळवाट आहे. श्रेय ईश्वराला अर्पण करणे सोपे असते, कारण ईश्वर मजुरी मागत नाही, त्याला थंडी वाजत नाही, उंचीवर त्याचे डोके दुखत नाही. 'सारे त्याच्या कृपेने झाले' म्हणताना 'त्याच्या' या सर्वनामात आपण देव पाहतो. तेथे क्षणभर कपाळावर पट्टा घेतलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा पाहिला तर वाक्य अधिक जड होते.

असा मुलगा मी २०२२ च्या ऑक्टोबरात पाहिला. आमच्या गटात अकरा जण होते. देउरालीच्या मुक्कामी पहाटे एका भरियाला उलट्या होऊ लागल्या, डोके फुटते आहे म्हणाला, उभा राहिला तर तोल जाई. अनेकांचा असा समज असतो की हे लोक डोंगराचेच, त्यांना उंची बाधत नाही. वस्तुतः भरिया पुष्कळदा सखल मुलखातून हंगामापुरते आलेले असतात आणि विरळ हवा त्यांना आपल्याइतकीच बाधते. उंचीच्या आजाराला उपाय एकच, खाली उतरणे. आणि नियम एकच, आजाऱ्याला एकटे न सोडणे. मुख्य वाटाड्याने तोडगा काढला : त्याचे ओझे इतरांत वाटून द्यावे, तो एकटा सावकाश दोवानला उतरेल, गट वेळापत्रकाप्रमाणे वर जाईल. कंपनीकडून त्याला तशीच ताकीद असावी.

"एकटा?" असे आमच्यातील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारले. त्यावर जो वाद झाला तो या निबंधाच्या मुळाशी आहे. एक गृहस्थ म्हणाले की आपण कंपनीला पूर्ण रक्कम भरली आहे, माणसे कंपनीची आहेत, जबाबदारीही कंपनीची. आपण मध्ये पडून व्यवस्था बिघडवू नये. हा युक्तिवाद टाकाऊ नव्हता. प्रत्येक प्रवासी व्यवस्थापक झाला तर डोंगरात गोंधळ माजेल. दुसऱ्यांनी विचारले की आपल्यापैकी कोणाला असे झाले असते तर? तर हेलिकॉप्टर मागवले असते. आपला विमा तेवढ्यासाठीच उतरवलेला होता. त्याचा होता की नाही, हे अकरापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. अखेर बाई म्हणाल्या, "लहान गाईडला त्याच्याबरोबर द्या, आणि एका माणसावर भार नको म्हणून मीही उतरते." कोणी म्हणाले, अहो बाई, एवढ्या लांब येऊन? त्यांनी उत्तर दिले नाही, काठी घेतली. तिघे खाली गेले. दुपारपर्यंत दोवानला पोहोचल्यावर मुलगा चहा पिऊ लागला, असे नंतर कळले. बाकीचे आम्ही दहा जण दुसऱ्या दिवशी सकाळी अन्नपूर्णेच्या तळावर उभे होतो. ऊन शिखरावर आधी येते आणि मग हळूहळू खाली उतरते, ते आम्ही पाहिले. पोखऱ्याला कंपनीने प्रमाणपत्रे वाटली. दहा होती.

ग्वाल्हेरला परतल्यावर बाईंना कोणी तरी हळहळून म्हणाले, थोडक्यात राहिले हो तुमचे. त्या म्हणाल्या, "राहिले कुठे? देउरालीपर्यंत काम वर होते, तिथून पुढचे खाली होते." या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. आम्हा दहांना डोंगर चढवला गेला, असे म्हणता येते. बाईंचे उतरणे मात्र कोणी घडवले नव्हते. त्या एका दिवसापुरते क्रियापद त्यांचे स्वतःचे होते, आणि ज्या पत्रावर कर्तृत्व नोंदले जाते ते नेमके त्यांना मिळाले नाही. तो लहान वाटाडा कितीदा वर गेला होता ते त्याने मोजणेच सोडले होते. प्रमाणपत्राचा प्रश्न त्याला कधी पडला नसावा.

आता मजुरीचा मुद्दा. मोबदला दिला की ऋण फिटते, हे व्यवहाराचे तत्त्व आहे आणि बहुतेक ठिकाणी ते चालते. न्हाव्याने दाढी केली, पैसे दिले, दोघे मोकळे. परंतु मजुरी ही श्रमाची किंमत असते, धोक्याची नसते. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात कडा कोसळून सोळा नेपाळी कामगार गेले. बहुतेक शेर्पा होते. दुसऱ्यांच्या चढाईसाठी ते सामान आणि दोर वर नेत होते. नेपाळ सरकारने प्रथम प्रत्येक कुटुंबाला चाळीस हजार नेपाळी रुपये देऊ केले. शेर्पा समाज संतापला, त्यांनी पुढे चढण्यास नकार दिला, आणि नेपाळच्या बाजूचा तो हंगाम जवळजवळ संपूर्ण वाया गेला. जगाला तेव्हा प्रथम दिसले की हे लोक थांबले तर एव्हरेस्ट कोणालाच 'चढवत' नाही. शक्य क्रियापदातला गाळलेला 'तो' त्या वर्षी वाक्यात परत आला.

तेव्हा काय करावे? साठीतल्या माणसाने डोंगराकडे पाठ फिरवावी काय? पुण्याकडची आमची भाचरे सह्याद्रीत स्वतःची पाठपिशवी स्वतः वाहतात आणि आमच्या भाडोत्री चढाईला हसतात. त्यांचा अभिमान रास्त आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. आपण न गेल्याने त्या मुलाची पाठ मोकळी होईल हे खरे, पण त्याची चूलही थंड होईल. रोजगारासाठी अरबस्तानात जाणाऱ्या नेपाळी तरुणांच्या रांगेत आणखी एक भर पडेल. १ एप्रिल २०२३ पासून तर नेपाळने परदेशी पदयात्रींना बहुतेक डोंगरवाटांवर वाटाड्या बरोबर घेणे सक्तीचे केले. म्हणजे दुसऱ्याच्या आधाराने चढणे हा आता आपल्या मर्जीचाही भाग राहिला नाही. आधार घ्यायचाच आहे, प्रश्न तो घेतल्यावरच्या वागणुकीचा आणि बोलण्याचा आहे. भरियाच्या अंगावर आपल्याइतके ऊबदार कपडे आहेत का, रात्री तो कोठे झोपतो, ओझे तीस किलोच्या आत आहे का, आणि तो आजारी पडला तर वेळापत्रक मोठे की तो, या गोष्टी दयेच्या नव्हेत. आपण ज्या क्रियेचे श्रेय घेणार आहोत तिच्या त्या अटी आहेत. श्रेय घेताना 'मी' आणि जबाबदारी आली की 'कंपनी', ही विभागणी मला पटत नाही. कोषालयात असे एकतर्फी खाते लेखापरीक्षणात अडकले असते.

हा विचार ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला परका वाटण्याचे कारण नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौज मोडली तेव्हा महादजी शिंदे पायाला जबर जखम होऊन पडले होते. त्यांना उचलले राणेखान नावाच्या भिस्त्याने. पखालीच्या बैलावर घालून त्याने त्यांना दक्षिणेच्या वाटेला लावले, असे इतिहासकार सांगतात. महादजींनी ते वाक्य पुढे कधी शक्य क्रियापदात बोलून दाखवले नाही. 'मी पानिपतातून निसटलो' असे न म्हणता त्यांनी राणेखानाला भाऊ मानले. तो 'राणेखान भाई' म्हणून ओळखला गेला आणि पुढे त्यांच्या सैन्यात मोठ्या सेनापतिपदाला चढला. महादजी आयुष्यभर लंगडत होते. त्यामुळे विसरण्याची सोयही नव्हती म्हणा. नेपाळीतही आपल्याहून लहानाला 'भाइ' म्हणतात, आणि देउरालीला तो धाकटा वाटाडा त्या आजारी मुलाला हीच हाक मारीत होता.

आपण सारे त्या शिंद्यांच्या फौजेमागून आलेल्यांचे वंशज. १८१० साली दौलतरावांचा तळ किल्ल्याखाली स्थिरावला आणि तळाचेच नाव गावाला पडले. आपल्या घराघरांतून वंशावळी आहेत, सनदा आहेत. कोणाचे पूर्वज शिलेदार, कोणाचे कारकून, कोणाचे पुरोहित. 'आमचे पणजोबा दक्षिणेतून येथे आले' असे आपण अभिमानाने सांगतो. ते नर्मदा आणि चंबळ ओलांडून आले तेव्हा देव्हारा, दप्तर आणि स्वयंपाकाची भांडी कोणाच्या पाठीवर होती, हे एकाही वंशावळीत मी वाचलेले नाही. त्या कावडकऱ्यांचेही वंशज याच शहरात कोठे तरी असतील, आणि त्यांच्या घरी वेगळ्या आठवणी असतील.

पावसाळा सरला की आपल्यापैकी काही मंडळी पुन्हा पोखऱ्याला निघतील. कंपनी त्यांना एक छापील तक्ता पाठवील. त्यात प्रवाशाचे नाव, वय, रक्तगट, विम्याचा क्रमांक आणि संकटकाळी कोणाला कळवायचे, यांचे रकाने असतात. भरियांसाठी त्यात 'पोर्टर : ६' एवढीच नोंद असते. पैसे भरण्यापूर्वी त्या सहा जणांचा विमा कोणी व किती रकमेचा उतरवला आहे आणि वाटेत कोणी आजारी पडल्यास त्याच्याबरोबर खाली कोण उतरेल, एवढे दोन प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखीच मागावे. मी विचारले होते तेव्हा एका कंपनीने उत्तर पाठवायला तीन आठवडे घेतले. दुसरीने दुसऱ्याच दिवशी सहा नावे पाठवली.